लंडनला एकटीच? हो, एकटीच!

मैत्रिणींनो, एकटीनं परदेश गाठावा अशी काही माझी हौस नव्हती. तिकिटं दोघांची काढली होती. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून आणि शिकवण्यांतून सहा वर्षं जमवलेले पैसे, मे महिन्याची सुट्टी, लेक आजीपाशी राहायला कबूल. सगळं कसं जुळून आलं होतं. आणि निघायला बारा दिवस उरले असताना यांची रजा रद्द झाली. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. शिवाय आपल्या घरांतलं 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको!

सासूबाईंनी तर सरळच विचारलं, "अगं, पुण्याला गेलीस तरी स्टँडवर घ्यायला माणूस लागतो तुला. लंडनात एकटी काय करशील?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. साताऱ्याहून पुण्याला मी दोनदाच एकटी गेले होते आणि दोन्ही वेळा स्वारगेटला भाऊ येऊन उभा होता. पण व्हिसाच्या अर्जात खर्च कोण करणार असा प्रश्न होता आणि तिथे मी 'स्वतः' असं भरलं होतं. तेवढं भरून झाल्यावर घरी बसणं काही मला जमेना. २०२४ च्या मे महिन्यात मी निघाले.

आधी बॅगेबद्दल सांगते, कारण तिथेच आपल्या बायकांची पहिली चूक होते. ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर नेऊ देत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेले. आणि हो, उपम्याचं कोरडं मिश्रण. रवा खमंग भाजायचा, तेलाची फोडणी, कढीलिंब चांगला कुरकुरीत होऊ द्यायचा, मीठ, किंचित साखर, आणि गार करून डब्यात भरायचं. तिथल्या खोल्यांत बहुतेक ठिकाणी पाणी तापवायची किटली असते. वाटीत मिश्रण, वरून उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण; झाला उपमा. एका पौंडाला शंभराहून जास्त रुपये पडतात, तेव्हा सकाळचा नाश्ता असा सुटला की जीव हलका होतो. तिथल्या विजेच्या प्लगला तीन चौकोनी पाय असतात, म्हणून त्याचा जोड इथूनच न्यावा. आणि मुक्कामाचा पत्ता मोबाइलमध्ये असला तरी कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावा. कागदाची बॅटरी संपत नाही.

हीथ्रो विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "एकट्याच आलात?" मी "हो" म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण तो हसला आणि त्यानं शिक्का मारला.

राहायची खोली रसेल स्क्वेअरजवळ घेतली होती, ती मुद्दाम. विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी कुठेही न बदलता तासाभरात तिथे सोडते. त्या स्टेशनात मात्र वर यायला लिफ्ट आहे आणि १७५ पायऱ्यांचा गोल जिनाही आहे. बॅग घेऊन चुकूनही जिन्याच्या वाटेला जाऊ नका. सरकत्या जिन्यांवर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. आत जाताना जे कार्ड यंत्राला लावलं तेच बाहेर पडताना लावायचं. विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. पण एकदा कार्ड लावलं की तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच पडतं. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसून मी जेवढं लंडन पाहिलं, तेवढं पैसे देऊन काढलेल्या सहलीत दिसलं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी प्रवासवर्णनं लिहिणारे पुरुष कधी सांगत नाहीत. स्वच्छतागृहं! रस्त्यात ती शोधून सापडत नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना प्रवेश फुकट आहे आणि तिथली स्वच्छतागृहंही चांगली आहेत. युस्टन, किंग्ज क्रॉससारख्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून त्याचे पैसे पडत नाहीत. दिवसाचा बेत आखताना मी आधी हेच बघत होते. तिथे नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे बाटली भरून घेतली की झालं. हॉटेलात 'टॅप वॉटर' असं स्पष्ट म्हणायचं, नाहीतर विकतची बाटली समोर येते.

हॉटेलावरून आठवलं. पहिल्या दिवशी दुपारी मी युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर गेले. तिथे आपली भेळपुरी, डोसे मिळतात. दारापाशी गेले आणि परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. खरं सांगू? छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी एकटी कधी हॉटेलात जाऊन बसले नव्हते. साताऱ्यात नाही आणि कुठेच नाही. तिसऱ्यांदा आत शिरले. पोऱ्यानं विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एक." त्यानं मेनूकार्ड दिलं आणि मी दहा मिनिटं नुसती बघत बसले. लेकीला काय आवडतं, यांना काय चालतं, सासूबाईंना काय पचतं, हे सगळं मला पाठ. मला काय हवंय, ते काही केल्या सुचेना. शेवटी डोसा मागवला. तो कसा होता ते आठवत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून एक जागा मनात धरूनच गेले होते. रसेल स्क्वेअरपासून पाच मिनिटांवर हंटर स्ट्रीट आहे. स्त्रियांचं वैद्यकीय विद्यालय, १८७४ साली निघालेलं, इथेच होतं. आपल्या रखमाबाई इथे शिकल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, खटला उभा राहिला, आणि नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. आज उभी असलेली इमारत त्यांच्यानंतरची आहे. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून एक लाडू खाल्ला. वर्गात हा धडा शिकवताना तो दहा मिनिटांत उरकते मी, याची लाज वाटली.

आता फजितीची गोष्ट. शेजारच्या काकूंनी त्यांच्या लेकीसाठी मेतकूट दिलं होतं. ती राहते डॉलिस हिलला. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही त्याच भागात आहे. तिच्याकडे वरण-भात झाला, गप्पा झाल्या आणि संध्याकाळी सातनंतर मी निघाले. ग्रीन पार्कला गाडी बदलायची होती. तिथला बोगदा चालून संपता संपत नाही. धापा टाकत फलाटावर आले, पिकॅडिलीची पाटी पाहिली आणि समोर आली त्या गाडीत चढले. सहा-सात स्टेशनं गेली. आणि खिडकीतून उजेड आला! रसेल स्क्वेअरच्या वाटेवर उजेड यायलाच नको, ती सगळी वाट जमिनीखालची. पूर्वेकडे जायचं सोडून मी पश्चिमेकडे निघाले होते. नाव बघून चढायचं नसतं बायांनो, दिशा बघून चढायचं असतं.

हॅमरस्मिथला उतरले. मोबाइलमध्ये तीन टक्के बॅटरी होती. हात आपोआप यांच्या नंबरावर गेला. लंडनात आठ वाजले होते, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेबारा. ज्या माणसानं लंडन कधी पाहिलं नाही, त्याला झोपेतून उठवून मी विचारणार होते की मी कुठल्या फलाटावर जाऊ! फोन तसाच पर्समध्ये टाकला आणि बाकावर बसले. लग्नाला चौदा वर्षं झाली. या घडीला मी कुठे आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नाही, असं त्या चौदा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. छाती धडधडत होती. पण ती सगळी भीतीनंच धडधडत होती, असं मात्र मी म्हणणार नाही.

मग उठले आणि स्टेशनवरच्या एका बाईंना विचारलं. माझं इंग्रजी व्याकरणासकट गडबडलं, तरी त्यांना कळलं. त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं: वर चढा, पलीकडच्या फलाटावर उतरा. एवढंच.

रसेल स्क्वेअरला लिफ्टसमोर ही गर्दी! हातात बॅग नव्हती, तेव्हा जिना धरला. शंभरीनंतर दोनदा थांबले, पण चढले. बाहेर आले तर पावणेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. खोलीवर जाऊन फोन चार्जिंगला लावला आणि यांना 'पोचले, जेवले' एवढाच निरोप टाकला. हॅमरस्मिथचं काही मी घरी सांगितलेलं नाही. आता हा अंक घरी येईल, तेव्हा कळेलच!