प्रभूच्या पंगतीतला पंक्तिप्रपंच

इसवी सन 53 ते 55च्या सुमारास प्रेषित पौलाने इफिसहून करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला एक खरमरीत पत्र धाडले. त्याच्या 11व्या अध्यायात तो संतापला आहे तो जेवणावरून. प्रभुभोजनाला सगळे एकत्र जमतात खरे. पण कुणी पिऊन तर्र होतो आणि कुणी उपाशीपोटी घरी जातो, ही त्याच्या कानावर आलेली बातमी.

करिंथ हे नव्या पैशाचे गाव होते. इ.स.पू. 146 मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने ते बेचिराख केले, पुढे इ.स.पू. 44 मध्ये ज्यूलियस सीझरने पुन्हा वसवले. नव्या वस्तीत गुलामीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. लेखायोन आणि किंख्रिया या दोन बंदरांवर व्यापार चाले, त्यातून काही घरे झपाट्याने वर आली. मंडळीतही ही दरी होतीच. एकीकडे सगळ्यांना आपल्या घरी जमवू शकणारा गायस आणि नगराचा खजिनदार एरास्त. दुसरीकडे गुलाम आणि हातावर पोट असलेली माणसे. मंडळी जमायची तो आठवड्याचा पहिला दिवस, रविवार, तेव्हा सुटीचा नव्हता. ती सुटी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये दिली. मालकाचे काम आटोपल्याशिवाय गुलामाला निघता येत नसे. तो पोचेपर्यंत भांडी रिकामी झालेली असावीत.

जमण्याची जागा कशी असेल? करिंथजवळ अनाप्लोगा इथे एका रोमन घराचे अवशेष सापडले. जेवणाची खोली साधारण साडेपाच बाय साडेसात मीटरची, बाहेरचे अंगण पाच बाय सहाचे. जेवणारे मंचकावर आडवे होऊन जेवत, त्यामुळे आत जेमतेम 9 जणांची सोय. बायबलचे अभ्यासक जेरोम मर्फी-ओकॉनर यांनी 1983 मध्ये यावरून चित्र उभे केले: आत यजमानाचे बरोबरीचे, बाहेर अंगणात दाटीवाटीने उरलेले. पुढे दुसरे अभ्यासक डेव्हिड हॉरेल यांनी हरकत घेतली की हे घर पौलानंतरचे आहे आणि मंडळी साध्या माडीवरही जमत असेल. हरकत रास्त आहे. पण माडी असो की वाडा, उपाशी माणूस पत्रात आहेच.

आणि असा भेद त्या काळी फारसा कुणाला खटकत नसे. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने एका यजमानाचे वर्णन केले आहे: उंची पदार्थ स्वतःपुढे आणि मोजक्यांपुढे, इतरांना उरलेसुरले, आणि मद्याच्या तीन प्रती. उत्तम मद्य यजमान आणि खाशा पाहुण्यांना, दुसरे कमी दर्जाच्या मित्रांना, तिसरे मुक्त केलेल्या गुलामांना. प्लिनीला ते आवडले नाही, पण रीत तीच होती. अभ्यासक गेर्ड थाइसन यांनी 1970च्या दशकात करिंथचे भांडण याच रीतीच्या उजेडात वाचले. मला त्यांचे म्हणणे पटते: श्रीमंतांनी काही नवे पाप केले नव्हते, घरची सवय तेवढी प्रभूच्या पंगतीत आणली होती.

पौलाने नेमके त्यावर बोट ठेवले. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणायलाही तो तयार नाही. तोडगा मात्र अर्धाच देतो: एकमेकांसाठी थांबा, भूक असेल तर घरी जेवून या. घरीच चूल पेटली नसेल त्याने काय करायचे, हे तो सांगत नाही.

पुढे जेवण आणि विधी हळूहळू वेगळे झाले. 155च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन ज्या रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो तिथे भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आहे, आणि ऐपतदारांच्या देणगीतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय. ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनच्या काळी, 197च्या आसपास, उत्तर आफ्रिकेत गरिबांच्या आधाराचे प्रीतिभोजन चालू होते. चौथ्या शतकात लाओदिकेयाच्या धर्मसभेने प्रार्थनागृहात अशी भोजने घालायला बंदी केली.

प्रभुभोजनाच्या वेळी आजही हाच 11वा अध्याय वाचतात, पण बहुधा 23व्या वचनापासून. उपाशी माणूस 21व्या आणि 22व्या वचनांत आहे. वाचन तिथून सुरू करावे.