गाठ नवी, रिपोर्ट जुना

२०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून ३३ औषधांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला आणि कॅन्सरची औषधं स्वस्त झाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. आनंदच आहे. त्या यादीतली दोन नावं मात्र एकत्र वाचायला हवीत: ओबिनुटुझुमॅब आणि पोलाटुझुमॅब वेदोटिन. दोन्ही रोश कंपनीची, दोन्ही लिम्फोमावरची, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरवरची. पहिलं संथ चालणाऱ्या प्रकारांसाठी, दुसरं झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारासाठी. पहिल्या रांगेतला पेशंट काही वर्षांनी दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहू शकतो, हे बातमीत कुठे आलं नाही.

फॉलिक्युलर लिम्फोमा हा संथ प्रकारांतला ठळक. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. दुखत नाहीत, म्हणून अवधाण समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. निदान झाल्यावरही डॉक्टर अनेकदा सांगतात, "काका, आत्ता काही द्यायचं नाही. तीन महिन्यांनी या." घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कॅन्सर आहे आणि औषध नाही? मग दुसरे डॉक्टर, तिसरे डॉक्टर. त्यांतले एखादे केमो सुरू करतात आणि सगळ्यांना हायसं वाटतं, पेशंट सोडून.

या थांबण्यामागे पक्का आधार आहे. स्टॅनफर्डच्या सँड्रा हॉर्निंग आणि सॉल रोझेनबर्ग यांनी १९८४ साली, सुरुवातीला कोणताही उपचार न दिलेल्या ८३ रुग्णांचं पुढे काय झालं ते प्रसिद्ध केलं. त्यांतल्या २३ टक्के जणांच्या गाठी आपोआप ओसरल्या होत्या. काहींचा आजार पुढे आक्रमक झाला, पण ते प्रमाण लगेच उपचार घेतलेल्यांइतकंच होतं. म्हणजे निदान त्या काळच्या औषधांपुरतं तरी, 'केमोमुळेच चेकाळला' हेही खरं नव्हतं आणि 'आधीच केमो दिली असती तर टळलं असतं' हेही नव्हतं. २००३ साली ३०९ रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीचा निष्कर्ष आला. लगेच गोळ्या दिल्या काय किंवा थांबून दिल्या काय, आयुर्मान सारखंच निघालं. थांबलेल्यांपैकी सत्तरीपुढच्या ४० टक्के लोकांना दहा वर्षांत केमोची गरजच पडली नाही. या हॉर्निंगबाई पुढे रोशच्याच मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या. औषध कधी देऊ नये हे दाखवून देणारी बाई औषध कंपनीच्या शिखरावर. मला हा योगायोग फार आवडतो.

आता संथ आजार आक्रमक होण्याकडे, म्हणजे पालटण्याकडे वळू. या आजाराची सुरुवात बहुधा १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून होते. त्यामुळे बीसीएल२ हे जनुक कायमचं चालू राहतं आणि मरायला हवी ती पेशी मरत नाही. ही अदलाबदल कित्येक धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडते, त्यांना कधी काही होत नाही. तेवढ्या एका चुकीवर भागत नाही. पण हा आजार ज्या बी-पेशींत होतो, त्यांचं कामच असं, की नेमकी प्रतिपिंडं बनवण्यासाठी त्या स्वतःच्या जनुकांत मुद्दाम फेरफार करतात. त्यात बिघडलेल्या पेशी एरवी मरून जातात. इथे त्या जगतात, पुन्हा फेरफाराला बसतात आणि नव्या चुका साठवत जातात. कधी टीपी५३ हे पहारेकरी जनुक मोडतं, कधी सीडीकेएन२ए गळून पडतं, कधी एमवायसी सुटतं. मग दबून वाढणारा आजार आठवड्यागणिक फुगायला लागतो.

२०१४ साली न्यूयॉर्क आणि लंडनच्या दोन गटांनी जनुकं वाचून दाखवलं, की आक्रमक पेशी बहुतेक वेळा त्या जुन्या गाठीची लेक नसते, चुलत बहीण असते. दोघींचा पूर्वज एक, पण ती वेगळ्याच फांदीवर वाढलेली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण मग जुन्या गाठीचा रिपोर्ट कितीही बारकाईने वाचला, तरी तो या नवीन पाहुणीबद्दल फार काही सांगू शकत नाही.

असं किती जणांचं होतं? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या ६०० रुग्णांत दहा वर्षांत सुमारे ३० टक्के. त्यानंतर अमेरिकेत, रिटुक्सिमॅब हे औषध आल्यानंतरच्या काळात, मेयो क्लिनिक आणि आयोवाच्या ६३१ रुग्णांत पाच वर्षांत साधारण ११ टक्के. पालटल्यानंतरचं मध्यक आयुष्य पहिल्या अभ्यासात पावणेदोन वर्षांच्या आत होतं, दुसऱ्यात चार वर्षांच्या पुढे. शिवाय एक उलटंच सत्य आहे. संथ प्रकार सहसा मुळापासून जात नाही, वेगवान प्रकार मात्र जोरदार उपचारांनी पुरता जाऊ शकतो. तो गेल्यावर संथ आजार पुन्हा डोकं वर काढतो, असंही घडतं.

म्हणूनच मुद्दा कराचा नाही, बायोप्सीचा आहे. एकच गाठ अचानक वाढली, ताप आणि रात्री कपडे भिजवणारा घाम सुरू झाला, वजन घटलं, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम चढलं, की संशय घ्यायचा. पेट स्कॅनमध्ये जी गाठ सर्वांत जास्त चमकते, नेमका तिचाच तुकडा काढायचा. नुसती बारीक सुई घालून ओढलेल्या पेशींवर भागत नाही. गाठीची रचना दिसायला हवी. आपल्याकडे गाडं इथेच अडतं. गाठीला सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हा समज अजून घट्ट आहे. मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ, असं धरून तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. आणि आधीच निदान झालेला पेशंट परत आला, की 'आजार उलटला' म्हणून जुन्या रिपोर्टवर नवं औषध लिहिलं जातं. मग ते करमुक्त असलं तरी चुकीचंच असू शकतं.

पहिल्या बायोप्सीचे मेणातले ब्लॉक लॅबकडे असतात. मोठ्या हॉस्पिटलला जाताना ते आणि स्लाइड मागून सोबत न्याव्यात. फाइलमध्ये नुसती रिपोर्टची झेरॉक्स असेल, तर नव्या तुकड्याशी पडताळायला पॅथॉलॉजिस्टच्या हाती काहीच नसतं.