रामदास बोट

आपले कामरगाव समुद्रापासून फार लांब. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नाही. तरी रामदास बोटीची हकीकत आपण समजून घेऊ. तिच्यात आपल्या कामाचे काही आहे.

पूर्वी कोकणात रस्ते फार थोडे होते. माणसे आणि माल समुद्रावरून जायचा. आधी शिडाची लाकडी गलबते होती. मग आगबोटी आल्या. रामदास ही अशीच एक आगबोट. ती १९३६ साली विलायतेत बांधली. समर्थ रामदासांचे नाव तिला दिले. ती मुंबईहून उतारू नेई आणि आणी.

१९४७ सालचा जुलै महिना होता. स्वातंत्र्य मिळायला महिनाही उरला नव्हता. १७ तारखेला, गुरुवारी सकाळी, रामदास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दिवस पावसाळ्याचे. अमावास्येला घरी पोचावे म्हणून लोक निघाले होते. बोटीवर सातशेंच्या आसपास माणसे होती.

बोट मुंबई बंदराबाहेर आली. वारा वाढला, लाटा उसळल्या. काशाच्या खडकाजवळ बोटीत पाणी आले. लोक घाबरले आणि एका बाजूला धावले. बोट कलंडली आणि बुडाली.

एवढी मोठी बोट कशी हो कलंडली? कापसाची गाडी आठवा. कारंज्याच्या बाजाराला गाडी भरताना आपण ओझे दोन्ही अंगांना सारखे बसवतो. सगळे एका अंगाला गेले तर गाडी उलटते. बोटीचेही तसेच आहे. माणसे एका अंगाला गेली की बोट तिकडे झुकते. आत शिरलेले पाणीही तिकडेच धावते. मग बोट सावरत नाही.

रामदासवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे 'बोट बुडते आहे, धावा' असे कोणाला कळवता आले नाही. रेवसच्या कोळ्यांचे मचवे मासळी घेऊन मुंबईकडे येत होते. त्यांना बुडणारी माणसे दिसली. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि माणसे वर घेतली. पोटाचा धंदा पाण्यात टाकला, पण जीव वाचवले.

मुंबईला कित्येक तास काहीच ठाऊक नव्हते. एक लहान मुलगा तरंगत, पोहत किनाऱ्याला लागला. त्याच्याकडून ही बातमी कळली. तोवर फार उशीर झाला होता. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

आपण बोटीत बसत नसलो, तरी डोंग्यात कधी बसतो. पुरातून पलीकडे जायची घाई करतो. तेव्हा एवढे ध्यानात ठेवू. डोंग्यात उभे राहू नये. भीती वाटली तरी एका अंगाला धावू नये. नावाडी सांगेल तसे बसावे. कुठे निघालो, केव्हा पोचणार, हे घरी सांगून जावे. आणि पाणी चढलेले असेल तर थांबावे. थांबल्याने एक दिवस जाईल, पण माणूस घरी येईल.