वहीतले उत्तर आणि हातातला दोरा

पावसाळ्यात राधानगरीचे धरण भरले, की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडू लागतात. पाण्याची पातळी ठराविक उंचीला पोचली, की पाण्याच्या दाबानेच दरवाजा उघडतो. पातळी उतरली, की तो मिटतो. भोगावतीवरील हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले; आणि त्यांनीच १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. ज्या परिसरात गुरुत्वाकर्षण असे उघड्यावर राबताना दिसते, तेथील विद्यार्थ्यानेही ते केवळ पाठ करावे काय?

अनेक शाळांत आज घडते ते हेच. गुरुत्व त्वरण ९.८, हे विद्यार्थ्यास आधीच ठाऊक असते. प्रात्यक्षिकाच्या वहीत तेच उत्तर यावे, म्हणून निरीक्षणे मागाहून बेतली जातात. दोष मुलांचा नव्हे. पुस्तकाशी न जुळणाऱ्या उत्तराला गुण नाहीत, हे त्यांनी अचूक ओळखलेले असते.

वस्तुतः प्रयोगाची शिकवण या न जुळण्यातच असते. पाच मीटर उंचीवरून सोडलेला दगड सुमारे एका सेकंदात खाली येतो. घड्याळाची कळ दाबण्यातच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. मग मोजणी नेमकी कशी व्हावी? गॅलिलिओपुढेही हीच अडचण होती. म्हणून त्याने उतरत्या फळीवरून गोळे सोडून पतन मंद केले. लंबकानेही ही अडचण टळते. एक मीटर लांबीच्या लंबकाची वीस आंदोलने सुमारे चाळीस सेकंदांत पुरी होतात. त्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली, तरी उत्तर ९.६ च्या आसपास राहते. यासाठी लागतो दोरा, दगड आणि घड्याळ. यंत्रसामग्रीची सबब येथे चालणार नाही.

१९७१ मध्ये अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकाच वेळी सोडले. हवेचा अडथळा नसल्याने दोन्ही बरोबरच खाली आले. निकाल ठाऊक होता. तरीही प्रयोग करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

तेव्हा शिक्षकांनी एवढेच करावे: गणित मांडण्यापूर्वी मुलांच्या कच्च्या निरीक्षणांवर सही करावी, आणि उत्तर का चुकले याच्या विवेचनाला गुण द्यावेत. स्वतः मोजून काढलेल्या ९.६ पेक्षा उतरवून घेतलेले ९.८ मोठे ठरत राहिले, तर विज्ञानाच्या तासाला मुले खोटे लिहिण्याचाच पहिला धडा घेतील.