पर्फ्लीटचं बंड

1989 उजाडलं तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर डार्ट्सची एकच मोठी स्पर्धा उरली होती. एरिक ब्रिस्टो आणि जॉन लो ही नावं काही वर्षांपूर्वी घराघरांत पोहोचलेली. पण कॅमेरे गेले की प्रायोजकही जातात, आणि या खेळावर पोट असणाऱ्यांची कोंडी होते. 1978 पासून जागतिक अजिंक्यपद भरवणाऱ्या ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनने, म्हणजे बीडीओने, खेळ पबमधून रंगमंचावर आणला हे खरंच. पण घसरण सुरू झाल्यावर ती हातावर हात ठेवून बसली, असं खेळाडूंना वाटत होतं.

अखेर 16 आघाडीचे खेळाडू वेगळे झाले. बीडीओने त्यांच्यावर बंदी घातली. त्यातले दोघे परत फिरले, बाकीचे ठाम राहिले. डिसेंबर 1993 मध्ये एसेक्समधल्या पर्फ्लीट गावी, सर्कस टॅव्हर्न या क्लबात त्यांनी स्वतःचं अजिंक्यपद सुरू केलं. खेळाडू फक्त 24. अंतिम सामन्यात डेनिस प्रिस्टलीने फिल टेलरला 6-1 हरवलं. त्या खेळाडूंचं धाडस मला फार मोठं वाटतं. उद्या टीव्हीवाले फिरकले नसते तर त्यांना परतीची वाट नव्हती. बीडीओशी न्यायालयात चाललेला त्यांचा तंटा 1997 साली तडजोडीने मिटला आणि त्यांच्या संघटनेला पीडीसी हे आजचं नाव मिळालं.

पुढची वर्षं टेलरची. 1995 ते 2002 अशी सलग आठ विजेतेपदं! 501 वरून शून्यावर येताना शेवटचा बाण डबलमध्येच, म्हणजे गुण दुप्पट करणाऱ्या पट्टीत, लागावा लागतो, आणि ती पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद. 32 उरले की खेळाडू खुश असतात, कारण डबल 16 साधताना बाण आत घसरून साधा 16 लागला तरी डबल 8 शिल्लक राहतो, तिथेही तसंच झालं तर डबल 4. टेलर हा हिशेब प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देता करत असे. 2003 मध्ये कॅनडाच्या जॉन पार्टने 7-6 असा विजय मिळवून ती मालिका तोडली.

माझ्या मते या स्पर्धेचा सर्वोत्तम दिवस 1 जानेवारी 2007. नेदरलँड्सचा रेमंड व्हान बार्नेव्हेल्ड चार वेळा बीडीओचा जगज्जेता होता आणि वर्षभरापूर्वीच इकडे आला होता. टेलरविरुद्ध तो 0-3 मागे पडला, पण सामना त्याने शेवटच्या सेटच्या शेवटच्या लेगपर्यंत ओढत नेला आणि 7-6 असा जिंकला. खरा जगज्जेता कोणत्या बाजूचा, हा वर्षानुवर्षांचा वाद त्या रात्री मैदानात सुटला. पुढच्याच हंगामात स्पर्धा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये गेली.

तिथला व्याप मोठा. 2019 च्या स्पर्धेपासून 96 खेळाडू आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या फेरीत तिने मेन्सूर सुल्योविचसारख्या मानांकितालाही घरी पाठवलं. 2020 मध्ये बीडीओ दिवाळखोरीत गेली.

बार्नेव्हेल्डच्या त्या रात्रीनंतर तीन आठवड्यांनी जन्मलेला ल्यूक लिटलर जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मायकल व्हान गेरवेनला 7-3 हरवून जगज्जेता झाला. लगेच पुढच्या स्पर्धेसाठी खेळाडूंची संख्या 128 झाली आणि विजेत्याचं बक्षीस दहा लाख पौंड.