अठ्ठ्याऐंशी लाखांची मोजणी

भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे. नेमका अंदाज ७.४ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. २०२० मधल्या एका अहवालात हीच संख्या ५३ लाख धरली होती. तीन वर्षांत पस्तीस लाख म्हातारी माणसे अचानक विसरभोळी झाली असे नव्हे. आधीचे आकडे ठिकठिकाणच्या छोट्या पाहण्या जोडून काढलेले होते, या वेळी देशभर एकाच पद्धतीने मोजले गेले.

ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. रक्त काढले आणि निदान झाले, असा हा आजार नव्हे. पाश्चात्त्य चाचण्यांमध्ये आजची तारीख विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात, इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे म्हणायला लावतात. जिने आयुष्यात पाटी हातात धरली नाही तिची यात परीक्षा कसली घेणार? नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरातल्या खेड्यांत डॉ. मेरी गांगुली, डॉ. विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली. स्पेलिंगऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे.

तरीही एक अडचण राहतेच. डिमेन्शिया म्हणायचे तर नुसती स्मरणशक्ती मंदावून भागत नाही, रोजचे व्यवहार अडले पाहिजेत. आपल्याकडे भरल्या घरात सासूबाईंच्या हातून स्वयंपाक केव्हाच सुटलेला असतो, बँकेची कामे मुलगा बघतो, औषधाच्या गोळ्या सून काढून देते. ज्यांच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही, त्यांचे काय अडले हे कळणार कसे? ‘वयच झालंय आता’ म्हणून घरचे गप्प बसतात. म्हणून बल्लभगडच्या गटाने घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली बनवली. पुढे ८८ लाखांचा अंदाज देणाऱ्या राष्ट्रीय पाहणीतही वृद्धांच्या चाचणीबरोबर घरच्या माणसांशी बोलणे झाले आणि निदानाचा कौल तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाने दिला. ही पाहणी वृद्धांच्या ज्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाचा भाग आहे, त्यात मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे.

आकड्यांच्या पोटात शिरले की खरी गोष्ट दिसते. बायकांमध्ये प्रमाण ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८. खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. शहरी ताणतणाव, बसकी जीवनशैली यांना आपण सवयीने दोष देतो. इथे चित्र उलटे आहे. बायका जास्त जगतात हे कारण अपुरे पडते, कारण वयाचा फरक हिशेबात घेतल्यावरचे हे आकडे आहेत. धागा शिक्षणाकडे जातो. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या, पुरुष सत्तावीस होते. आज ऐंशीच्या घरात असलेल्या बायका तेव्हाच्या मुली. शाळेची वर्षे मेंदूला एक शिल्लक देतात: पेशी झिजल्या तरी दुसऱ्या वाटांनी काम चालू राहते आणि लक्षणे उशिरा दिसतात. शिक्षण म्हणजे कवच नव्हे. ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले शास्त्री तर संस्कृतचे पंडित आहेत. पण लाखोंच्या हिशेबात फरक पडतो.

वय हा सर्वांत मोठा धोका, आणि त्यावर उपाय नाही. पासष्टीनंतर साधारण दर पाच वर्षांनी शक्यता दुप्पट होते. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. उरलेल्यावर मात्र काही करता येते. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे चौदा घटक मांडले. ते सारे दूर झाले तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब. तो साऱ्या समाजाचा आहे, तुमच्या-माझ्या घरातल्या एका माणसाची हमी नाही. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, नैराश्य, हवेचे प्रदूषण ही नावे वाचकाला नवी नाहीत. नवी वाटेल ती कानांची गोष्ट.

ऐकू कमी येणे हा त्या यादीतला सर्वांत वजनदार घटकांपैकी एक आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून बाजूला होतो, मेंदूकडे जाणारा मजकूरच आटतो. अमेरिकेत २०२३ साली जाहीर झालेल्या एका चाचणीत सर्व सहभागींचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांची तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. आपल्याकडे चष्मा लावताना कुणी लाजत नाही, कानाचे यंत्र मात्र कपाटात पडून राहते. चुकीच्या जागची लाज आहे ही.

दुसरा मुद्दा रक्तदाबाचा, आणि तोही चाळिशी-पन्नाशीतल्या रक्तदाबाचा. काही दुखत नाही म्हणून गोळी सोडून देणारे घरोघरी सापडतात. तोवर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजत असतात.

विसरणे सुरू झाले की थेट अल्झायमरचा शिक्का मारून मोकळे होऊ नये. सगळ्या डिमेन्शियांपैकी साठ-सत्तर टक्क्यांत तो असतो हे खरे. पण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदी, नैराश्य, पडल्यावर कवटीत हळूहळू साचलेले रक्त यांतूनही तसेच चित्र दिसते, आणि यांवर उपचार आहेत. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ ची तपासणी तर पहिल्याच भेटीत व्हावी.

२०३६ पर्यंत भारतातली रुग्णसंख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असे ८८ लाखांचा अंदाज काढणाऱ्या अभ्यासकांचेच गणित आहे. ते बदलणारच नाही असे नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यानपिढ्या चाललेल्या अभ्यासात सत्तरच्या दशकापासून नव्या डिमेन्शियाचे प्रमाण दर दशकाला सरासरी वीस टक्क्यांनी घटलेले आढळले. ही घट फक्त शाळेचे शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये होती. २०३६ साली साठीत पोचणारी आपल्याकडची पिढी तिच्या आयांपेक्षा बरीच जास्त शिकलेली आहे, आणि तिच्यात मधुमेह व रक्तदाबही बराच जास्त आहे.