दुसऱ्याच्या दारावरचा कर आणि आपली आझादी

व्यापारी व कारागीर बांधवांनो,

१५ ऑगस्टला अक्कलकोट रोड एमआयडीसीतील माग बंद असतात. सकाळी कारखान्याच्या आवारात झेंडा फडकतो, कामगारांच्या मुलांना मिठाई वाटली जाते आणि एरवी खटखटाटाने भरलेल्या शेडमध्ये त्या दिवशी शांतता असते. २०२५ सालच्या १५ ऑगस्टला आम्ही ज्या कारखान्यातून टॉवेल विणून घेतो तेथे झेंडावंदनाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एका जुन्या विणकर चाचांनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "शेठ, कर अमेरिकेने तिच्या बंदरावर लावला. मग पाळी माझी का कमी झाली?"

त्या वेळी आम्ही "अल्लाह मालिक आहे, होईल सर्व ठीक" असे म्हणून वेळ मारून नेली. चाचा काही बोलले नाहीत. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे काम होते. आपण आझाद आहोत, मग सातासमुद्रापलीकडच्या एका सहीने सोलापूरच्या माणसाची रोजी कशी कमी होते? आज या सदरात त्याचाच हिशेब मांडू या.

ऑगस्ट २०२५ मध्ये काय घडले?

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के जादा आयात कर लावला. भारत रशियाकडून तेल घेतो हे कारण पुढे करून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावले. म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन या दोन तारखांच्या मधोमध आला. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेचा नेहमीचा कर ९.१ टक्के. त्यात ५० मिळविले की ५९.१ टक्के झाले. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या मालावर जादा कर १९ टक्के, बांगलादेशच्या मालावर २० टक्के आणि तुर्कस्तानच्या मालावर १५ टक्के होता. टॉवेलच्या धंद्यात हे तिघेही आपले प्रतिस्पर्धी आहेत.

पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये तेलाच्या कारणाने लावलेले २५ टक्के उठले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या कायद्याखाली हे जादा कर बसविले होते तो त्यासाठी वापरता येत नाही असा निकाल दिला. लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन नवा कर बसला. म्हणून आमची विनंती अशी की, जुन्या वर्तमानपत्रातील आकड्यावर सौदा करू नका. माल निघण्याच्या दिवशी दर काय आहे ते आपल्या कस्टम एजंटकडून लेखी घ्या.

कर भरतो कोण?

पुष्कळांचा असा समज आहे की हा कर आपण भरतो. तसे नाही. तो तेथील आयातदार आपल्या बंदरावर आपल्या सरकारला भरतो. पण भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी ही गोष्ट आहे. उदाहरणाने पाहू.

समजा, टॉवेलच्या एका जोडीचा भाव १०० रुपये आहे. ९.१ टक्के कर धरून आयातदाराला ती १०९ रुपये १० पैशांना पडत होती. कर ५९.१ टक्के झाल्यावर तीच जोडी १५९ रुपये १० पैशांना पडते. आता आयातदार म्हणतो, "मला जुन्या भावातच द्या." त्याला पुन्हा १०९ रुपये १० पैशांतच पडायला हवी असेल तर आपल्याला ती जोडी १०० ऐवजी ६८ रुपये ५७ पैशांना द्यावी लागेल. "निम्मा बोजा तुमचा, निम्मा माझा," असे ठरले तरी आपल्या हातात ८४ रुपये २९ पैसेच येतात.

या धंद्यात शंभरामागे पंधरा रुपये नफा सुटतो असे म्हणणारा कारखानदार आम्हाला तरी भेटलेला नाही. मग हे पंधरा-सोळा रुपये येणार कुठून? सुताचा भाव गिरणी ठरवते, विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, रंग आणि रसायनांचा भाव बाजार ठरवतो. या तिन्ही ठिकाणी आपले काही चालत नाही. जिथे चालते अशी एकच जागा उरते, ती म्हणजे मजुरी आणि पाळी. चाचांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. कर अमेरिकेच्या बंदरावर लागला आणि हाताहाताने खाली सरकत जो सर्वांत कमी बोलू शकतो त्याच्यापाशी येऊन थांबला. त्या आठवड्यात ऑर्डर अडवून धरणारा खरेदीदार होता, पण पाळी कमी करा असा निरोप कारखान्यात आमच्याच तोंडून गेला होता, हे कबूल केले पाहिजे.

निर्यात न करणाऱ्यालाही झळ का?

काही बांधव म्हणतील, आमचा माल तर नागपूर, हैदराबाद, कोलकात्याला जातो, आम्हाला अमेरिकेचे काय? पण गुजरात-पंजाबातील मोठ्या मिलचा परदेशी माल अडला की तो गोदामात पडून राहत नाही, देशी बाजारात उतरतो. मोठ्या मिलचा टॉवेल कमी भावात दुकानात आला की आपल्या नॅपकीनचा भाव उतरतो आणि उधारीची मुदत लांबते. बाजार सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. विहिरी वेगळ्या दिसल्या तरी खालचा झरा एकच आहे.

मग आझादीने आपल्याला काय दिले?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९६ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची तक्रार नको म्हणून त्याबरोबरच हिंदुस्थानातील गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तितकाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर बसविला. आपल्याच जमिनीवर, आपल्याच कापसाच्या, आपल्याच माणसांनी विणलेल्या कापडावर हा कर होता आणि तो परक्या गिरण्यांच्या सोयीसाठी होता. १९२५ च्या डिसेंबरपर्यंत तो चालू राहिला. सोलापूरच्या गिरण्यांचे कापडही त्यातून सुटले नाही. गुलामीचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचा तर हा असा होता : आपल्या दारावरचा पहारेकरीसुद्धा आपला नव्हता.

म्हणूनच परदेशी कापडावरील बहिष्कार ही निव्वळ भावनेची गोष्ट नव्हती. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झालेला बाबू गेनू गिरणी कामगार होता. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर आपले सोलापूर पेटून उठले. काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही, आणि मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे तरुण पुढारी होते आणि 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवीत होते. या शहराची आझादी गिरणीच्या दारातून आली आणि चार वेगवेगळ्या घरांनी मिळून तिची किंमत मोजली, हे आपल्या मुलांना सांगत राहिले पाहिजे.

त्या कुर्बानीने आपल्याला जे मिळाले ते असे की आपल्या दारावरचा कर आता आपले सरकार ठरवते. याच ऑगस्टमधले उदाहरण घ्या. परदेशी कापसावर भारताचा ११ टक्के आयात कर होता. सूत स्वस्त व्हावे म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने तो माफ केला आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. गिरण्यांना हे बरे वाटले, पण विदर्भ-मराठवाड्यातील कापूसवाल्या शेतकऱ्याला ते बरे वाटले नाही, कारण स्वस्त परदेशी कापसापुढे त्याचा भाव दबतो. निर्णय कोणाला रुचो न रुचो, तो दिल्लीत झाला, लंडनमध्ये नाही. चुकला तर आपण मोर्चा काढू शकतो, मत देऊन जाब विचारू शकतो. १८९६ साली ही सोय नव्हती.

परंतु आझादीने दुसऱ्याच्या दारावरचा पहारेकरी आपल्या हाती येत नाही. तो ज्याचा त्याचाच असतो. येथेच आपली गल्लत होते.

मग दार बंद करून बसावे काय?

काही जण म्हणतात, स्वदेशी म्हणजे कोणाशी देणे-घेणे नको. वास्तविक पाहता आपला टॉवेलच प्रवासी आहे. दोन ताणे लावून, एक ताठ आणि एक सैल सोडून, वर फंदे काढण्याची ही विणकाम पद्धत तुर्कस्तानातील बुर्सा शहरात नावाजलेली होती. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाने तेथील नमुना मायदेशी नेला आणि तो यंत्रावर विणला जाऊ लागला. म्हणून तर आजही लोक 'टर्किश टॉवेल' म्हणतात. सोलापूरला हा हुन्नर वाढविला तो तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी, मोमीन कारागिरांनी आणि येथील सर्व जातीधर्मांच्या कामगारांनी. जी वस्तूच देशोदेशी फिरून घडली तिला घरात कोंडून ठेवता येणार नाही. तिजारत म्हणजे जाणे-येणे. आपल्या दीनमध्येही प्रामाणिक तिजारतीला मोठा दर्जा आहे.

गुलामी देण्याघेण्यात नसते. एकाच दारावर अवलंबून राहण्यात असते. ज्याचा खरेदीदार एकच, त्याचा मालक तोच. मग कागदोपत्री कारखाना कोणाच्याही नावावर असो.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, दारे वाढवा. एकाच खरेदीदाराकडे निम्म्याहून अधिक माल जात असेल तर ती ऑर्डर नव्हे, धोका समजा. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला आणि त्यात आपल्या कापडमालावरील तेथील कर काढून टाकण्याचे ठरले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सही होणे आणि करार अमलात येणे यांत अंतर असते, म्हणून तारीख पाहूनच भाव द्या. शिवाय अशी सवलत आपोआप मिळत नाही. माल कोणत्या देशाचा आहे याचा दाखला लागतो, सूत आणि विणकाम कुठले याची कागदपत्रे लागतात. सुताची पावती सांभाळून ठेवण्याची सवय आजच लावा.

दुसरी गोष्ट, आपल्या नावाचा उपयोग करा. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झालेली आहे. परंतु कायद्याने ते नाव वापरण्यासाठी उत्पादकाने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आपल्यातील कितीतरी लहान कारखानदारांनी हा अर्ज पाहिलेलाही नाही. परगावचा हलका माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो त्याला हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट, सौदा लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि आपण मात्र लाखोंचा माल फोनवर पाठवितो. जादा कर लागला तर तो कोणी सोसायचा, हे वाक्य ऑर्डरमध्येच असले पाहिजे. खरेदीदाराने पैसे बुडविले तर भरपाई देणारी ईसीजीसी ही सरकारी संस्था १९५७ पासून आहे. विम्याबाबत ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा, पण चौकशी जरूर करावी.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. बरे दिवस असतात तेव्हा दर कंटेनरमागे थोडी रक्कम बाजूला टाका आणि ती वाईट दिवसांतील मजुरीसाठीच ठेवा. आम्ही आणि तो कारखानदार यांनी मिळून असे खाते सुरू केले आहे. रक्कम लहान आहे. पण पुढच्या वेळी बंदरावर काही घडले तर निदान चार आठवडे पाळी कापावी लागू नये, एवढी ती वाढवायची आहे.

चाचांना हे सर्व सांगायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "शेठ, म्हणजे तुम्ही त्या खरेदीदाराच्या हाताखाली आणि आम्ही तुमच्या. तुम्ही सुटलात तर आम्ही सुटू." आम्ही दोन पाने भरून जे लिहिले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर प्रत्येक कारखानदार बांधवाने वही उघडून एवढेच पाहावे की, आपला किती माल एकाच दारातून जातो आणि ते दार बंद झाले तर आपल्या कामगाराची मजुरी किती आठवडे देता येईल. अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.